आधी सुटणार कसं ते बघा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात सुतळी चांगली की नायलॉनची दोरी यावर दोन ओळी काय लिहिल्या, बांधाबांधीचे इतके प्रश्न आले की यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मी इंजिनिअर वगैरे नाही, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बावीस वर्षं काढली, हमाल आणि ड्रायव्हर लोकांनी शिव्या घालून जे शिकवलं तेच सांगतोय. आणि एक आधीच सांगतो, मला कोणी विचारलं ना की हे कशाने बांधू, तर मी उलट विचारतो की सोडणार कोण, कधी आणि कशाने. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

घर शिफ्ट करताना छोटा हत्ती केला होता. ऑनलाइन "५ टन" लिहिलेला रॅचेट बेल्ट (दांडा मागेपुढे मारून आवळायचा पट्टा) मागवून कपाट आणि वॉशिंग मशीन आवळलं. कोल्हापूरहून कराडला पोचेपर्यंत बेल्ट ढिला, कपाटाला पोचे, आणि वर रॅचेट उघडेचना, शेवटी सुरीने कापला. ५ टनाचा बेल्ट एका कपाटाला कमी कसा पडतो? – एक वाचक, कराड

कमी कुठे पडला हो? तुटला नाही ना? ढिला झाला, ते वेगळं प्रकरण आहे.

पहिलं म्हणजे तो ५ टनाचा आकडा. बरेच विकणारे पट्टा तुटेल तो आकडा छापतात, नाहीतर पट्टा दुहेरी फिरवून धरलेला आकडा. तुटण्याचा आकडा असेल तर भरवशाचं वजन त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच धरायचं. पण तुमच्या कपाटाला तेही लागू नाही, कारण तुम्ही रॅचेटचा दांडा हाताने ओढून आवळता तेव्हा ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या पट्ट्यात ताण येतो तो साधारण ३०० ते ३५० किलोचा, बस. चांगल्या बेल्टच्या लेबलवर हा आकडा एसटीएफ म्हणून वेगळा छापलेला असतो, तो बघायचा. लेबलचा रंग पण बघा, युरोपियन स्टँडर्डच्या बेल्टला निळं लेबल म्हणजे पॉलिस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. माल बांधायला पॉलिस्टर घ्या. नायलॉन ताणतं जास्त आणि भिजलं की अजून सैलावतं.

आता कोन. वॉशिंग मशीनसारख्या बुटक्या मालावरून पट्टा टाकला आणि हुक लांब लावले की पट्टा आडवा पडतो. फळीशी ३० अंशाचा कोन झाला तर खाली दाबायला त्यातला निम्माच ताण उरतो, बाकीचा नुसता आडवा ओढत बसतो. म्हणून हुक जवळ लावायचा, पट्टा जमेल तितका उभा आला पाहिजे.

आणि ढिला का झाला? पैज लावतो, मध्ये गोधड्या घातल्या असणार. घालायच्याच, पण गोधडी रस्त्यात दबते, कपाट सरकून बसतं आणि पट्ट्याला बोटभर जागा मिळाली की संपलं. आमच्याकडे ड्रायव्हर गाडी निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर चहाला थांबायचे ते चहासाठी नाहीच, उतरून पहिला हात दोरखंडावर मारून बघायचे. आणि कपाट मुळात केबिनला टेकवून, बाजूची फट सामानानेच भरून ठेवायची. नुसत्या पट्ट्याच्या जिवावर काही ठेवू नये.

सुरी लागली त्याचं कारण बहुतेक असं की पट्ट्याचा सगळा ढीलेपणा तुम्ही रॅचेट फिरवून काढला. मग आतल्या रुळावर पट्ट्याचा जाड गोळा होतो आणि तो दोन्ही बाजूंना अडकतो. पट्टा खाचेतून घाला, हाताने ओढून घट्ट करा, आणि मग दांडा एवढाच मारा की रुळावर दोन-तीन वेढे पडतील. सोडताना मधली स्प्रिंगची पट्टी ओढून धरायची आणि दांडा पूर्ण उलटा, अगदी सपाट होईपर्यंत उघडायचा. बहुतेक लोक अर्ध्यावर थांबतात आणि म्हणतात जाम झालाय. ताण एकदम सुटतो, तोंड बाजूला ठेवा.

लोखंडी कपाटाच्या धारेवर पट्टा थेट टाकू नका, बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून धारेवर बसवा. पट्ट्याला गाठ मारू नका, ताकद निम्म्यावर येते. आणि कारच्या टपावर गादी नेणाऱ्यांनो, पट्ट्याला एक पीळ देऊन बांधा, म्हणजे तो वाऱ्यात भुर्रर्र वाजत नाही, आणि ४० वरून ८० ला गेलात तर वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो हे लक्षात असू द्या. घरचे मागे बसून खिडकीतून हाताने गादी धरतात ते तर बघवत नाही.

बाल्कनीत जाळी आणि कुंड्यांचे वेल केबल टायने बांधले होते. पांढरे टाय वर्षभरात तुटून पडले, दुकानदार म्हणतो काळे घ्या. रंगाने काय फरक पडतो? – एक वाचक, पुणे

दुकानदार बरोबर आहे. टाय असतो नायलॉनचा, बहुतेक ६६ नंबरच्या नायलॉनचा, आणि ऊन त्याला खातं. काळ्या टायमध्ये काजळीसारखी कार्बनची पूड मिसळलेली असते, ती ऊन स्वतःवर घेते. फक्त पाकिटावर यूव्ही किंवा आउटडोअर लिहिलंय ना बघा, नुसता काळा रंग दिलेला माल पण मिळतो. जाळीचा भार टायवर असेल तर रुंदी बघून घ्या, २.५ मिलिमीटरचा टाय साधारण ८ किलोला, ४.८ चा २२ किलोला, ७.६ चा ५५ किलोला, त्याच्या पुढे तो तुटतो. पाकीट उघडं ठेवू नका, नायलॉनला थोडी ओल लागते, पार सुकला की आवळतानाच कट्‌कन मोडतो, पाकिटं सीलबंद येतात ती त्यासाठीच.

ही गोष्ट मुळात विमानातल्या वायरींसाठी निघाली. १९५६ ची गोष्ट, अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीतल्या मॉरस लोगन यांनी विमानाच्या कारखान्यात बघितलं की माणसं वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारमारून बांधतायत आणि बोटं सोलवटून घेतायत. त्यातून १९५८ मध्ये टाय आला. बघा म्हणजे, आपल्याकडे कडब्याच्या पेंढीला गवताचाच पीळ देऊन आळा घालतात (एखाद्या गोष्टीला आळा घालणं म्हणतो आपण, तो आळा हाच), ते काम हात फिरवला की झालं, आणि ओढलं की सुटतो पण. टाय सुटत नाही हाच त्याचा गुण आणि हाच अवगुण. तसा सुटतो म्हणा, डोक्याच्या खाचेत टाचणी घालून आतली जिभली उचलली की मागे सरकतो, पण उन्हात बसलेल्या टायशी असलं काही करू नका, कापाच. कापताना टोक डोक्याशी अगदी चिकटून कापायचं, नाहीतर उरलेलं अर्ध्या सेंटीमीटरचं टोक ब्लेडसारखं लागतं. माझ्या मनगटावर खूण आहे.

वेलाला मात्र टाय नकोच. खोड जाडावतं, टाय नाही, आणि मग तो सालीत रुततो. जुन्या टी-शर्टची पट्टी घ्या, खोड आणि काठीच्या मध्ये आठच्या आकड्यासारखा वेढा द्या, गाठ काठीच्या बाजूला.

आईच्या कंबरेच्या पट्ट्याचं वेल्क्रो चिकटत नाही. पट्टा नवा घ्यावा का? – एक वाचक, सोलापूर

आधी वेल्क्रोच्या खरखरीत, बारीक हुकांसारख्या आकड्यांच्या बाजूला बघा, केस, दोरे, लोकर अडकलेली असणार. जुना टूथब्रश घ्या, नाही निघालं तर सेफ्टीपिनने ओढून काढा. धुताना वेल्क्रो बंद करून धुवा. जॉर्ज दे मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनिअरला हे सुचलं तेच मुळी १९४१ मध्ये कुत्र्याला फिरवून आणल्यावर, कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या कपड्यांना आपल्या गोखरूसारखी काटेरी बोंडं चिकटली होती ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बारीक बारीक आकडे दिसले. म्हणजे आकड्याचा धर्मच दिसेल ते धरायचा, कचरा पण धरणारच. साफ करूनही चिकटत नसेल तर मऊ बाजू झिजलीय, शिंप्याकडून तेवढीच बदलून घ्या.

स्कूटरवर आंब्याची पेटी बांधताना बंजीचा हुक सुटून माझ्या चष्म्यावर बसला. मिस्टर म्हणतात जुन्या ट्यूबची पट्टीच बरी. खरं का? – एक वाचक, रत्नागिरी

मिस्टरांना सांगा, यावेळी तुमचं खरं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. बंजी म्हणजे टोकांना हुक असलेली रबरी दोरी, ताणलेली गुलेलच ती, आणि आपण ती नेमकी तोंडाच्या दिशेने ओढतो. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीला निदान लोखंडी हुक नसतो. दूधवाले वर्षानुवर्षं कॅन त्यानेच बांधतात. पण पेटी जड असेल तर दोन्ही नको, कारण जे ताणतं ते खड्ड्यातही ताणणारच आणि पेटी नाचणार. दाबून बंद होणारं बकल असलेला साधा पॉलिस्टरचा पट्टा घ्या, आणि उरलेलं शेपूट खोचून टाका, चाकात गेलं तर आंबे राहिले बाजूला.

दरवर्षी पेणहून शाडूची मूर्ती टेम्पोने आणतो. बाप्पाला दोरी आवळायची हे मनाला पटत नाही, आणि न बांधता भीती वाटते. – एक वाचक, दादर

बाप्पाला दोरी लावूच नका, पाटाला लावा. शाडूला दोरीचा काच सोसत नाही, हात, बोटं, सोंड, कुठे टिचेल सांगता येत नाही. मूर्ती पाटावर, पाट टेम्पोच्या फळीवर, खाली पेंढा किंवा दुमडलेली पोती. मागच्या चाकाच्याही मागे ठेवू नका, तिथे सगळ्यात जास्त आदळतं, केबिनच्या अंगाला घ्या. पाटाच्या चारी बाजूंना भुश्शाची नाहीतर वाळूची अर्धी भरलेली पोती ठासून बसवा, पूर्ण भरलेलं पोतं कडक होतं, अर्धं भरलेलं बरोबर आकार घेतं. मग पाटाच्या कडेवरून सुती दोरी, दोन बाजूंनी, एवढीच. रॅचेट इथे नको, तो किती आवळतोय ते हाताला कळत नाही आणि पाटच वाकतो.

गाठ निरगाठ नको, सुरगाठ मारा, शेवटचा पदर दुमडून आत घाला म्हणजे एक टोक ओढलं की मोकळी. घरी दारात सगळे ताम्हण घेऊन उभे असतात, वरून पावसाची सर, अशात भिजलेली निरगाठ नखांनी सोडवत बसायचं म्हणजे हाताला घाई होते. मग कोणीतरी कात्री आणा म्हणतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका वर्षी कात्रीचं टोक सोंडेला लागलं आणि बिचारे रात्री दीडपर्यंत ओल्या शाडूने लिंपत बसले होते, रंग तेवढ्यापुरता वेगळा दिसायचा, विसर्जनापर्यंत हार तिथेच ओढून ठेवला होता.