हायवेलगतच्या घरात आवाजाची सवय होते का?

तुम्हाला हायवेला लागून फ्लॅट स्वस्तात मिळतोय आणि ब्रोकर म्हणतोय की महिन्याभरात आवाजाची सवय होईल. मी पुण्यात नवले पुलाजवळ बायपासच्या कडेला सहा वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो.

सवय होते, पण ती मनाला. शरीर ऐकतच राहतं. झोपेत ट्रक गेला तर जाग येत नाही, पण नाडी वाढते, रक्तदाब वर जातो, गाढ झोप उथळ होते. सकाळी आपल्याला यातलं काही आठवत नाही. हे वर्षानुवर्षं चाललं की हृदयविकाराचा धोका वाढतो. आईचं बीपी तिथेच सुरू झालं. सगळा दोष रस्त्याला देणार नाही, पण मनातून ती शंका गेलेली नाही.

आमच्याकडे त्रास सलग घोंघाटाचा नव्हता. कात्रजच्या बोगद्याकडून भरलेले ट्रक उतारावरून येत, एअर ब्रेकचा फुस्स आवाज, मग प्रेशर हॉर्न. रात्री दोनला ओट्यावरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर किणकिणायच्या. मुलगा लहान होता. झोपेतच दचकून मुठी आवळायचा. ते बघवत नसे.

आपल्याकडच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या फोनवर खिडकी उघडी ठेवून रात्री 65च्या पुढेच आकडा दिसायचा. फोनचं माप काटेकोर नसतं, हे खरं. पण दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणजे 45 आणि 65 मध्ये शंभर पटींचा फरक!

जाड पडद्यांवर पैसे घालवू नका, फारसा उपयोग होत नाही. आवाज शिरतो तो स्लायडिंग खिडकीच्या फटींतून. रबर गॅस्केटवाली, घट्ट बसणारी दुहेरी काचेची खिडकी लावली तर फरक पडतो, पण ती बंद ठेवली तरच. मे महिन्यात एसीशिवाय ते जमत नाही. आम्हाला खरा आराम मिळाला तो झोपायची खोली मागच्या बाजूला नेल्यावर. इमारतच मधे भिंतीसारखी उभी राहते ना.

म्हणून बेडरूम कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. टोकन देण्याआधी एकदा रात्री एक-दोन वाजता तिथे जा, खिडकी उघडा आणि अर्धा तास नुसते बसा. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि बेडरूम रस्त्याकडे असेल, तर मी तो फ्लॅट घेणार नाही.