मोर्शीचं ‘मोशीर्’

नागपूर, मे अखेर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री मिळाला. फोनवरच बोललो असतो, पण कूलर असा घरघरतोय की माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही. नवतपा सुरू आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. कळमन्याच्या बाजारातल्या अडतियांचं, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्यांचं, हिशेबाचं सॉफ्टवेअर करायचं काम तुमच्या कंपनीला मिळालंय आणि डेटाबेस कोणता घ्यायचा, बाकीचं कशात लिहायचं, हे साहेबांनी तुझ्यावर सोपवलंय. त्याच आठवड्यात पुण्याची ऑफर आली. जाऊ का? दोन्हींचं उत्तर माझ्या एकाच जुन्या चुकीत आहे, म्हणून आधी ती ऐक.

१९९९ साली मीही कळमन्यातच एका संत्र्याच्या अडतियासाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेसच्या साधनात. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल किती, बोली किती, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा करायची आणि पट्टी छापून हातात द्यायची. पट्टी मराठीतच हवी, एवढाच शेठचा हट्ट होता. मला तो बरोबर वाटला. रात्रभर गाडीत माल घेऊन आलेल्या माणसाला आपल्या पैशाचा कागद वाचता यायलाच पाहिजे. तेव्हा मराठीसाठी फॉन्ट विकत घ्यावे लागत. मी एक घेतला, बसवला आणि विसरून गेलो.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. दुकानात मात्र ते चालूच होतं. २०१७ च्या पावसाळ्यात मशीनचा मदरबोर्ड गेला, शेठच्या मुलाला सगळं मोबाइलवर हवं होतं, आणि मला बोलावणं आलं.

आकडे एका दुपारीत निघाले. डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रो माहिती ज्यात ठेवतो ती फाइल, इतकी जुनी आणि इतकी उघडी आहे की ती लिब्रेऑफिसमध्ये सरळ उघडते, पायथनने वाचता येते. अठरा वर्षांचे भाव, वजनं, रकमा, सगळं जसंच्या तसं आलं. मी खुशीत सांगून टाकलं, सोमवारी सुरू करू.

मग नावांचा रकाना उघडला. तिथे मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, काय वाटेल ते. त्या फॉन्टने रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवले होते. फॉन्ट आहे तोवर ‘मोर्शी’ दिसणार, फॉन्ट काढला की नुसता कचरा. खणांचा तक्ता करून मी स्क्रिप्ट लिहिली, तर मोर्शीचं ‘मोशीर्’ झालं, आर्वीचं ‘आवीर्’, वर्ध्याचं ‘वधार्’. कारण समजायला दोन दिवस गेले. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामायिक पद्धत, उच्चाराच्या क्रमाने साठवतो: मो, मग र्, मग शी. तो फॉन्ट डोळ्यांना दिसेल तसा साठवत होता: मो, शी आणि वर लटकवायचा रफार शेवटी. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट. ती आधी दिसते, म्हणून अक्षराच्याही आधी साठवलेली. रफार जागेवर आणला तर जोडाक्षरं तुटली, जोडाक्षरं जोडली तर वेलांट्या पळाल्या. म्हातारे मुनीमजी छापलेली यादी नाकाशी धरून विचारत, ‘हे कोनतं गाव होय जी?’

सोमवारचं काम सहा आठवड्यांवर गेलं. शेवटची काहीशे नावं मुनीमजींनी वहीतून वाचली आणि मी हाताने टाइप केली.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. आमच्या विंडोज ९८ च्या मशीनवर ती चालत नव्हती, तेवढी सबब मला आहे. पण दुकानात एक्सपी आल्यावरही मी हात लावला नाही. तेव्हा नावं थोडी होती, एका रविवारचं काम होतं. चालतंय ना, मग कशाला, असं म्हणत राहिलो.

तेव्हापासून काहीही घेताना मी आधी मागचं दार बघतो. सोडायची वेळ आली तर आपला माल बाहेर कसा काढायचा, कोणत्या रूपात, किती दिवसांत, कोणाची परवानगी लागणार? वेग, फीचर, कॉन्फरन्समधली टाळ्या घेणारी भाषणं, हे सगळं त्यानंतर.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर: पोस्टग्रेस हा डेटाबेस घे. तुला फार शिळं वाटेल. त्याचं मूळ १९८६ चं, बर्कलेच्या विद्यापीठातलं, म्हणजे तुझ्यापेक्षा पुष्कळ मोठं. पण ते कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, दरवर्षी मोठी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. एका कमांडमध्ये अख्खा डेटा साध्या मजकुरात बाहेर येतो. अडतियाचा हिशेब म्हणजे रकाने आणि बेरजा. त्यासाठी याहून नवं काही लागत नाही. तुला ज्या नव्या डेटाबेसचा मोह पडलाय, त्याच्या संकेतस्थळावर डेटा आत कसा आणायचा याची सहा पानं आहेत. बाहेर कसा न्यायचा याचं पान शोध आणि मला पाठव.

ओपन सोर्स आहे ना, कोड सगळ्यांना खुला, मग काय काळजी, असं म्हणशील. परवाना कोणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना २०२३ च्या ऑगस्टमध्ये बदलला, रेडिस या डेटाबेसचा २०२४ च्या मार्चमध्ये. लोकांनी जुन्या कोडवरून ओपनटोफू आणि व्हॅल्की उभे केले, म्हणून निभावलं. त्या कंपन्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही पगार करायचे असतात. पण रात्रीतून नियम बदलू शकतो अशा घरात राहायला जाताना सामान किती उघडायचं ते आपण ठरवावं. स्क्रीनसाठी काय वापरायचं यावर मी वाद घालणार नाही, तुमच्या टीमला जे येतं ते वापरा. फक्त हिशेबाचे नियम स्क्रीनच्या कोडमध्ये पुरू नका. स्क्रीन बनवायचं अँगुलरजेएस २०१० मध्ये आलं, २०१६ मध्ये त्याच नावाने वेगळंच काही आलं आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्याचा आधार बंद झाला. ज्यांचे नियम स्क्रीनमध्ये अडकले होते, त्यांना अख्खं घर पाडून बांधावं लागलं.

करार व्हायच्या आधी एक संध्याकाळ खर्च कर. अडतियाच्या वहीतली खरी पन्नास नावं घे, बनवलेली नकोत. ती आत घाल, सगळं बाहेर काढ, दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या डेटाबेसमध्ये भर आणि पट्टी छाप. त्यात तुला आणखी एक गंमत दिसेल. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘कळमेश्वर’ म्हणजे आठ चिन्हं, चोवीस बाइट. वीस बाइटांच्या रकान्यात त्याचं ‘कळमेश्’ होतं. पोस्टग्रेस चिन्हं मोजतो, पण सगळेच तसं मोजत नाहीत, आणि मध्ये एखादं जुनं एसएमएसचं किंवा बँकेचं सॉफ्टवेअर आलं की गाव पुन्हा कापलं जातं.

एआयचंही विचारशील. वापर की! मी गेल्या वर्षी गंमत म्हणून तीच जुनी फाइल त्याला दिली. माझे सहा आठवडे त्याने दोन मिनिटांत उरकले, मोर्शी मोर्शीच राहिली. मला थोडं वाईटच वाटलं. मग यादी नीट वाचली, तर ठवरे आडनावाचे सगळे शेतकरी ठाकरे झाले होते. एरर नाही, तक्रार नाही, अक्षर सुंदर. मुनीमजी आता नाहीत. ते असते तर पहिल्या ओळीलाच थांबले असते. तुझ्याकडे असा कोण आहे ते बघून ठेव.

आता पुणे. इथेही मला आधी मागचंच दार दिसतं. ऑफर लेटरमध्ये तू पगाराचा आकडा वाचलास, शेवटची दोन पानं वाचली नसशील. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे का? तो पैसे भरून कमी करता येतो की त्यांची मर्जी लागते? बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट, आहे का, किती महिन्यांचा, रक्कम कशाची? मूळ मार्कशीट मागत असतील तर देऊ नकोस, दाखव आणि परत घे. सोडून गेल्यावर अमुक कंपनीत काम करायचं नाही असं लिहिलं असेल, तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ वाच. असली बंदी सहसा टिकत नाही. पण नोकरीत असतानाच्या बाँडची गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बाँड वैध ठरवला आहे. तेव्हा मित्र ‘काही होत नाही बे’ म्हणतात, त्यावर सही करू नकोस.

मी स्वतः २००२ मध्ये पुण्याला गेलो. दुकानाचं सगळं सॉफ्टवेअर माझ्या डोक्यात, आणि डोकं पुण्यात. लिहिलेला एक कागद नव्हता. मुनीमजी पीसीओवरून फोन करायचे, मागे मीटरची टिकटिक, आणि मी इकडून एकेक बटण सांगायचो. दिवाळीच्या तोंडावर, मार्केटमध्ये आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले असताना दोन दिवस पट्टी निघाली नाही. हाताने लिहिल्या. मला कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या वेळी दुकानात चहा आला तो माझ्याच हातात द्यायचा राहून गेला.

म्हणून माझं मत असं, आणि त्यात नागपूरचा पक्षपात आहे हे कबूल: एक हंगाम थांब. ऑक्टोबरपासून आंबिया येईल. तुझं लिहिलेलं रोज पहाटे पाचशे पट्ट्या छापताना बघ, ते कुठे अडतं ते बघ, आणि कोणी दुसरा चालवू शकेल असं लिहून ठेव. नागपूरचं मिहान काय किंवा पुणे काय, मोठ्या कॅम्पसमध्ये तू एखाद्या पडद्याचा एक कोपरा करशील आणि त्यापुढे कोण बसलंय हे तुला दिसणार नाही. मोठ्या टीममध्ये शिकायला खूप मिळतं, मलाही मिळालं, तेव्हा जाऊ नको असं म्हणत नाही. फक्त क्रम बदल म्हणतो. घरची पैशाची अडचण असेल तर मात्र हे सगळं विसर आणि जा. ते तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस, आणि मी बाबांना विचारणार नाही.

रविवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत कळमन्याला जाऊ. संत्री नाहीत सध्या, आंबे असतील. शेठच्या मुलाला तुझं नाव सांगितलंय, जुन्या वह्या काढून ठेवतो म्हणाला. येताना ऑफर लेटरची प्रिंट आण, सगळी पानं. परतताना कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊ आणि तिथेच वाचू.

तुझा काका