स्वॅबचा रिपोर्ट आणि नातवाचा श्वास

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे. न्यूमोनिया झालाय, घरीच औषध चालू आहे. नाकातल्या स्वॅबमध्ये न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूचं प्रमाण ‘जास्त’ आलंय. म्हणजे आजार गंभीर आहे का? – एक आजी, कराड

उत्तर : आजी, तो कागद जरा बाजूला ठेवा. हा जंतू ठणठणीत मुलांच्याही नाकात मुक्काम ठोकून असतो. शेंबडात भरपूर सापडला म्हणून फुप्फुसातही तेवढाच असेल, असं नाही. रक्तात जास्त सापडला तर मात्र मी सावध होते.

माझ्याकडे बाळ आलं की मी आधी झबलं वर करते आणि छाती बघते. तुम्हीही तो शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त म्हणजे धाप. (रडताना मोजलेले धरू नका; घरोघरी तिथेच गडबड होते.) श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, दूध-पाणी घेत नसेल किंवा सारखा पेंगत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. आणि पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकसवरच्या लसीचे, डोस कार्डावर आहेत का बघा : दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांचे. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते.