गेमसाठी लिनक्स : कोणती डिस्ट्रो, कोणते सेटिंग?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम आहे. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, म्हणून लिनक्स घालायचे आहे. गेमसाठी सर्वांत वेगवान डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) कोणती? सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) आणि मिटिगेशन्स (प्रोसेसरमधील त्रुटींवरचे संरक्षण) बंद केले की एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढतात, असे मित्र म्हणतात. लॅपटॉप रोज कॉलेजला नेतो, नेट हॉस्टेलच्या वायफायवर.
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : डिस्ट्रो बदलून एफपीएसमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ग्राफिक्स ड्रायव्हर आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमुळे. हे दोन्ही ताजे मिळावेत आणि सुरक्षाही नीट असावी, म्हणून फेडोरा वर्कस्टेशन ही डिस्ट्रो घ्या. त्याआधी तुमचे गेम तपासा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट चालतात. व्हॅलोरंट, फोर्टनाइट अँटी-चीटमुळे (खेळातली फसवणूक रोखणारी प्रणाली) चालत नाहीत, तिथे कोणतेच सेटिंग कामाचे नाही.

इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ न देणारी सोय) निवडा. लॅपटॉप बसमध्ये राहिला तरी डेटा कुणाच्या हाती लागणार नाही.

सिक्युअर बूट चालूच ठेवा. सगळे अपडेट घालून रीस्टार्ट करा, मग सॉफ्टवेअर ॲपमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घ्या. तो एक पासवर्ड ठरवायला सांगेल. पुढच्या रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो. दहा सेकंदांत एखादी की दाबा, ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणे) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. बहुतेकांची गाडी इथेच अडते. हा स्क्रीन निसटला की सही न जुळलेला ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) घेत नाही, नूव्हो हा पर्यायी ड्रायव्हर सुरू होतो आणि गेम रखडतो. दोष मात्र डिस्ट्रोला दिला जातो.

मिटिगेशन्सना हात लावू नका. स्पेक्टर आणि मेल्टडाउन या २०१८ मध्ये उघड झालेल्या प्रोसेसरमधील त्रुटींपासून त्या वाचवतात. १६५० वर बहुतेक गेम ग्राफिक्स कार्डापाशी अडतात, त्यामुळे त्या काढून जवळजवळ काहीच मिळत नाही.

हॉस्टेलच्या वायफायसाठी एक गोष्ट आवर्जून करा. फेडोरा वर्कस्टेशनच्या फायरवॉलमध्ये १०२५ ते ६५५३५ हे पोर्ट (नेटवरून आत येण्याची दारे) मुळातच उघडे असतात. फायरवॉलचा झोन (नियमांचा संच) ‘पब्लिक’ करा. ऑनलाइन गेम तरीही चालतात, कारण जोडणी तुमच्याकडून सुरू होते.

गेम विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नका, प्रोटॉन तिथे अडखळतो. आणि रॅमची ८ जीबीची एकच स्टिक असेल, रिकामा स्लॉटही असेल, तर तशीच दुसरी बसवा. कुठल्याही ट्यूनिंगपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.