रॉथ कन्व्हर्जन : एका वर्षात किती करावं?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी ६३ वर्षांचा, पत्नी ६१ ची, दोघंही निवृत्त. माझ्या ४०१-के मध्ये (नोकरीतून साठवलेली, अजून कर न भरलेली निवृत्तीची बचत) नऊ लाख डॉलर आहेत. वर्षाला ३०,००० माझी पेन्शन, १०,००० व्याज. आरोग्य विमा जुन्या कंपनीकडून मिळतो. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) सत्तराव्या वर्षी घेणार. सगळी रक्कम यंदाच रॉथ आयआरएमध्ये (आधी कर भरून ठेवायचं, निवृत्तीत करमुक्त काढायचं खातं) टाकून मोकळं व्हावं का?

उत्तर : नको. कन्व्हर्जनची, म्हणजे रॉथमध्ये वळवलेली, रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. नऊ लाख एकदम वळवले, तर त्यातल्या जवळजवळ चार लाखांवर ३५ ते ३७ टक्के कर पडेल.

पण काहीच न करणंही महागात पडतं. तुमचा जन्म १९६० नंतरचा, म्हणजे ७५ व्या वर्षापासून सक्तीने पैसे काढावे लागतील. दरसाल सहा टक्के वाढ धरली, तर तोवर अठरा लाख होतील आणि पहिल्याच वर्षी सुमारे ७३,००० काढावे लागतील, तेही सोशल सिक्युरिटीच्या वर. पुढे दोघांपैकी एकटं कुणी राहिलं, की तेवढ्याच उत्पन्नाला एकट्याचे, निम्म्या रुंदीचे कराचे टप्पे लागतात. म्हणून आत्ताची कमी उत्पन्नाची वर्षं वाया घालवू नका.

२०२६ चा हिशेब असा. दोघांचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) ३२,२००. १२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० करपात्र उत्पन्नापर्यंत. फेडरल करापुरतं पाहिलं, तर ९३,००० पर्यंत वळवता येतील. तुम्हाला अडवते ती राज्याची रेषा. न्यू जर्सीत बासष्टी ओलांडलेल्याला पेन्शनवर सूट आहे, पण जोडप्याचं एकूण उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तरच पूर्ण. एक डॉलर वर गेला की ती निम्मी, दीड लाखावर शून्य. म्हणून आम्ही ५८,००० सुचवू. त्यावर फेडरल कर अंदाजे ६,६०० वाढेल आणि राज्याचा पेन्शनवरचा कर लागणार नाही. दोन हजारांची फट मुद्दाम ठेवली आहे; डिसेंबरात म्युच्युअल फंड अनपेक्षित वाटप करतात.

व्यवहार नोव्हेंबर-डिसेंबरात करा, कारण २०१८ पासून केलेलं कन्व्हर्जन मागे घेता येत नाही. चेक स्वतःच्या नावे मागू नका, २० टक्के कापले जातात. थेट खात्यातून खात्यात पाठवायला सांगा. कर बाहेरच्या बचतीतून भरा, १५ जानेवारीपर्यंत १०४०-ईएस ने (आगाऊ कराचा फॉर्म). उत्पन्न वर्षअखेरीस आलं हे दाखवायला विवरणपत्राला फॉर्म २२१० चं (कमी आगाऊ कराच्या दंडाचा फॉर्म) शेड्यूल एआय जोडा, नाहीतर दंडाचा हिशेब चारही तिमाह्यांवर समान धरून होतो.

मेडिकेअरचा (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणजे यंदाचा आकडा तुमच्या ६५ व्या वर्षी बघतील. २०२६ ला जोडप्याची पहिली रेषा २,१८,००० आहे. ती ओलांडणाऱ्याला पार्ट बी साठी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) माणशी महिना ८१.२० डॉलर जास्त पडतात. तुम्ही त्याच्या बरेच आत आहात. मार्केटप्लेसमधून (सरकारी आरोग्य विमा बाजार) विमा घेणाऱ्या वाचकांनी मात्र कन्व्हर्जनआधी सबसिडी तपासावी.

प्रश्न : माझ्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (स्वतः उघडलेलं, काढताना कर लागणारं निवृत्तीचं खातं) कर भरलेले २०,००० आणि न भरलेले ८०,००० आहेत. फक्त कर भरलेलेच वळवू शकते का?

उत्तर : नाही. तुमच्या नावावरच्या सगळ्या ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल (छोट्या व्यवसायांसाठीच्या) आयआरए ३१ डिसेंबरला एकत्र धरल्या जातात. दरवेळी ८० टक्के करपात्रच. ४०१-के यात येत नाही. नोकरी चालू असेल आणि योजना स्वीकारत असेल, तर ते ८०,००० आधी ४०१-के मध्ये हलवा, मग २०,००० वळवा. कर भरलेल्या रकमेची नोंद ठेवणारा फॉर्म ८६०६ विसरलात, तर त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरावा लागू शकतो.

प्रश्न : वळवलेले पैसे पाच वर्षं अडकतात का? आणि पुण्याला परतलो तर?

उत्तर : साडेएकोणसाठ वय झालं असेल, तर वळवलेली मूळ रक्कम कधीही काढा. पाच वर्षांची अट त्यावरच्या वाढीला, तीही पहिलं रॉथ खातं सुरू झालेल्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजलेली. परत जाणाऱ्यांसाठी : भारतीय आयकर कायद्यात रॉथला वेगळी सूट नाही. परतल्यावर बहुतेकांना सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही) दर्जा मिळतो आणि परदेशी उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. कन्व्हर्जन त्याआधी किंवा फार तर त्या काळात उरकून घ्या.