हॅलिफॅक्सला शिकवायला येताय म्हणून

तुम्ही लिहिलंय की १२ वर्षं पुण्यात जनसंपर्काचं काम केलं, नंतर कॉलेजात शिकवलं, आणि आता कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाने सोशल मीडिया आणि जनसंपर्क शिकवायला बोलावलंय. मुलगी सात वर्षांची आहे. यावं का, असं विचारलंत. मी २०१९च्या ऑगस्टमध्ये याच कामासाठी मुंबईहून हॅलिफॅक्सला आले, तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे उत्तर लांबणार.

व्हिसा, वर्क परमिट, हेल्थ कार्ड यांतलं काही सांगत नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलतं. ऑफर लेटरमध्ये मात्र एक गोष्ट आधी बघा: नेमणूक कायम होऊ शकणारी आहे, ठरावीक मुदतीची आहे की टर्मपुरती, विषयागणिक पैसे देणारी आहे. सप्टेंबर ते डिसेंबर एक टर्म, जानेवारी ते एप्रिल दुसरी, आणि मे महिन्यात हातात काहीच नाही, अशी माझी पहिली तीन वर्षं गेली. २०२४च्या जानेवारीत सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्याचा फटका आमच्यासारख्या विषयांना लगेच बसतो. त्या वर्षी टर्म सुरू व्हायला तीन आठवडे राहिले असताना दोन ओळींची ईमेल आली आणि माझा एक विषय रद्द झाला. तुमची नेमणूक कुठल्या प्रकारची आहे हे लेखी विचारा. विचारायला लाजू नका, इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

कागदपत्रांचं बोलायला लागले तर थांबणार नाही, तरी बोलते. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. माझी मार्कशीट माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने आईचं नाव माझं आडनाव म्हणून धरलं आणि ही व्यक्ती वेगळी आहे असं कळवून टाकलं. मग ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, पुन्हा मागवायचं, विद्यापीठाकडूनच, बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही-शिक्का हवा. मी इथे, म्हणून बाबा साताऱ्याहून एसटीने गेले. पहिल्या खेपेला शिक्का होता, सही नव्हती. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला काम झालं. तेव्हा बाबा ७१ वर्षांचे होते, गुडघा दुखत होता आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. फोनवर म्हणाले, "अगं, वाटेत चहा झाला, गप्पा झाल्या, छान वेळ गेला." आता ते नाहीत. कुरिअरच्या पावतीवर त्यांच्या अक्षरात माझा पत्ता आहे, ती पावती मी ठेवली आहे. तुम्ही पुण्यातच आहात, तर निघायच्या आधी पाच-सहा पाकिटं स्वतः जाऊन सही-शिक्क्यानिशी करून घ्या, आणि लग्नाआधीचं-नंतरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून घ्या. हे काम कुणाच्या वडिलांवर टाकू नका.

आता शिकवण्याबद्दल. आपण एजन्सीत जे शिकलो त्यातलं बरंच इथे उपयोगी पडतं, पण काही गोष्टी पुसाव्या लागतात. मी मुंबईत पहिल्या नोकरीत कात्रणं मोजायचे. पट्टी घेऊन कॉलम सेंटीमीटर मोजायचे, त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली म्हणून क्लायंटला फाइल द्यायची. जनसंपर्काचं काम कसं मोजायचं हे ठरवणाऱ्या २०१०च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीच्या दराने काढलेला आकडा म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. पहिल्याच वर्षी मला हे वर्गात शिकवावं लागलं.

आपली उदाहरणं आणायला घाबरू नका. २००३च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या होत्या. कंपनीने पुढे वेष्टन बदललं आणि २००४मध्ये अमिताभ बच्चनना जाहिरातीत आणलं. ही केस मी दर वर्षी घेते. आधी डबा दुरुस्त केला आणि मग चेहरा आणला, हा क्रम मुलांना चटकन कळतो. इथलं एक उदाहरणही मला फार आवडतं. ६ डिसेंबर १९१७ला हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, सुमारे २,००० माणसं गेली. अमेरिकेतल्या बॉस्टनने लगेच मदतीची रेल्वे पाठवली. पुढच्या वर्षी नोव्हा स्कॉशियाने, म्हणजे हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे त्याने, बॉस्टनला ख्रिसमसचं झाड पाठवलं, आणि १९७१पासून दर वर्षी पाठवतात. १९७१ला ही प्रथा पुन्हा सुरू केली ती ख्रिसमसची झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांनी, त्यात कृतज्ञताही होती आणि आपल्या झाडांचा खपही. दोन्ही खरं आहे. मुलं यावर तासभर भांडतात.

सोशल मीडिया शिकवताना आणखी एक अडचण येईल. १ ऑगस्ट २०२३पासून मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दिसणं बंद केलं, बातम्यांचे पैसे माध्यमांना द्यायला लावणारा कायदा आला म्हणून. पुण्यात बनवलेल्या तुमच्या स्लाइडवरच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या बातम्यांच्या लिंक इथे उघडणार नाहीत. सगळे स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवा.

यापुढचं मी इथे फारसं कुणाशी बोललेले नाही.

१८ आणि १९ एप्रिल २०२०ला पोर्टापीक या खेड्यापासून सुरुवात करून एका माणसाने नोव्हा स्कॉशियात २२ माणसं मारली. तो पोलिसांच्या गाडीची हुबेहूब नक्कल करून फिरत होता. पोलिसांनी लोकांना सावध केलं ते ट्विटरवर. मोबाइलवर येणारा आणीबाणीचा इशारा वापरलाच नाही, आणि त्या गाडीचा फोटो हातात आल्यावरही तो ट्वीट व्हायला जवळजवळ तीन तास गेले. चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल २०२३च्या मार्चमध्ये आला. विषयासाठी याहून मोठी केस शोधून मिळणार नाही, असं समजून मी ती २०२१ला वर्गात घेतली. वेळेचा तक्ता केला, कुठलं ट्वीट किती वाजता, माध्यम चुकीचं का, सगळं व्यवस्थित. "लोकवस्ती विरळ, वय जास्त, ट्विटर वापरणारे कमी" असं मी फळ्यावर लिहिलं.

तास संपल्यावर एक मुलगी ऑफिसात आली. बसली नाही. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही लिहिलंत ना, वय जास्त, ती माझी आजी. ती अंगणात काम करत होती. शेजारणीने फोन केला म्हणून आत गेली." मग म्हणाली की केस घेऊ नका असं नाही, फक्त आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मला २६/११ आठवलं. बाहेरून आलेल्या कुणी मुंबईच्या वर्गात सीएसटीचा फलाट असा फळ्यावर मांडला असता तर मी काय केलं असतं? इथे कुठली जखम किती ताजी आहे हे आपल्याला माहीत नसतं. आता मी ती केस घेते, पण आठवडाभर आधी सांगून, आणि ज्यांना नको त्यांना दुसरा अभ्यास देऊन. त्या मुलीला मी पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंत. येतो, फेब्रुवारीत जास्त. गणपतीला मंडळी भेटतात. सवय होते.

मुलीच्या शाळेबद्दल मात्र नीट ऐका. आमच्या मुलाला शाळेत जाऊन दोन महिने झाले तेव्हा बाईंनी बोलावून सांगितलं की तो वर्गात बोलत नाही, तुम्ही घरी फक्त इंग्रजी बोला. बाई मनाने चांगल्या होत्या, लहान खुर्चीवर बसून शांतपणे बोलत होत्या. आणि मी, जी दिवसभर लोकांना संवाद शिकवते, मान डोलावून आले. त्यांना एक प्रश्न विचारला नाही. घरची भाषा तोडल्याने मुलाची शाळेतली भाषा सुधारत नाही, हे वाचायला मला एक संध्याकाळ पुरली असती. दीड वर्ष आम्ही घरात इंग्रजी बोललो. नवरा भाजी निवडताना इंग्रजीत बोलायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. मुलगा पुढच्या सहा महिन्यांत बोलायला लागला, तो बहुधा एरवीही लागला असता.

आता तो तेरा वर्षांचा आहे. मराठी समजतं, बोलत नाही. रविवारी आईचा फोन येतो, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. ती विचारते, "काय जेवलास रे?" तो म्हणतो, "राइस." ती म्हणते, "हो का, भात?" तो म्हणतो, "या." मग ती फोन माझ्याकडे द्यायला सांगते. पूर्वी तो बाबांना फोनवर पाढे म्हणून दाखवायचा.

त्या बाईंचा मला राग नाही असं मी सगळ्यांना सांगते. राग आहे. शाळा बदलली, तरी त्या रस्त्याने गाडी नेताना मी तिकडे बघत नाही. शाळेत कुणी असं काही सुचवलं तर म्हणा, "विचार करून सांगते." बस, एवढंच म्हणा आणि घरी या.

तुम्ही यावं असं मला वाटतं. काम चांगलं आहे, वर्गातली मुलं मेहनती आहेत, आणि विषयाबद्दल बोलायला कुणी आलं तर मला हवंच आहे. सामानाचं विचारलंत: २३ किलोच्या बॅगेत आमचं वजन जास्त भरलं तेव्हा आम्ही मुलाची मराठी गोष्टींची पुस्तकं काढली आणि प्रेशर कुकर ठेवला. कुकर इथे दुकानात मिळतो.