आकड्यात तू बेरोजगार नाहीस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि पेपरच्या कात्रणाचा फोटो, दोन्ही नीट वाचलं. महाराष्ट्रातला २०२३-२४ चा बेरोजगारीचा दर अवघा ३.३ टक्के, अशी ती बातमी. खाली तू लिहिलंयस, ‘काका, शंभरात सत्त्याण्णव जणांना काम आहे, तर बी.कॉम. फर्स्ट क्लास होऊन मीच घरी का? माझ्यातच काही कमी आहे का?’

एम्प्लॉयमेंट एक्सचेंजच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. हा प्रश्न कार्ड रिन्यू करायला आलेल्या पोरापोरींच्या चेहऱ्यावर मी कितीदा तरी वाचलाय, पण तोंडाने विचारणारे थोडे. तू विचारलंस, म्हणून सरळ सांगतो. तुझ्यात काही कमी नाही. आकडाही खोटा नाही. फक्त तो काय मोजतो हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

हा दर येतो केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीतून. पीएलएफएस म्हणतात तिला, २०१७ साली सुरू झाली. पाहणीवाला घरी येतो आणि गेल्या वर्षभरात कोणी काय केलं ते विचारतो. वर्षात ३० दिवस जरी एखादं काम केलं असेल तरी ती व्यक्ती काम करणाऱ्यांत धरली जाते. मजुरी हातात पडलीच पाहिजे अशी अट नाही. घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी राबलं तरी ते कामच. आता स्वतःकडे बघ. दिवाळीच्या आगेमागे तू कापूस वेचलास. दोन म्हशींची धार, शेणपाणी, डेअरीचा हिशोब तुझ्याकडे. दादाच्या कृषी सेवा केंद्राची बिलंही तूच करतेस, आणि त्याचा एक रुपया तुझ्या नावावर जमा होत नाही. पाहणीवाला तुमच्या घरी आला असता, तर तुझी नोंद काम असलेल्यांत झाली असती. तू ज्या ३.३ टक्क्यांत स्वतःला शोधतेयस, त्यात तू नाहीसच.

अशी तू एकटी नाहीस. २०२२-२३ च्या पाहणीत देशातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी ३७.५ टक्के घरच्याच शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस निघाल्या. श्रमबाजारातला बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, याचं खूप कौतुक झालं. ती वाढ कशातून झाली हेही पाहायला हवं होतं. कारखान्याच्या किंवा ऑफिसच्या पगारपत्रकावर आलेली नावं त्यात कमी, शेतीत आणि घरच्या धंद्यात मोजले गेलेले हात जास्त.

आता महाराष्ट्राचे आकडे ओळीने वाच. २०१९-२० मध्ये ३.२ टक्के, २०२०-२१ मध्ये ३.७, पुढच्या वर्षी ३.५, मग ३.१ आणि २०२३-२४ मध्ये ३.३. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरलं होतं. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीने महाराष्ट्राची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आकुंचन पावेल असं सांगितलं, उद्योग ११.३ टक्के खाली, सेवा ९ टक्के खाली. एवढ्या पडझडीत बेरोजगारी वाढली ती फक्त अर्ध्या टक्क्याने. मग कामं गेलेली माणसं कुठे गेली? त्याच पाहणीत उत्तर आहे. शेती आणि तिच्या जोडधंद्यांची वाढ त्या वर्षी ११.७ टक्के धरली होती. माणसं गावाकडे गेली आणि शेतीने त्यांना पोटात घेतलं. देशात काम करणाऱ्यांपैकी शेतीवर असलेले २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते दोन वर्षांत ४६.५ झाले. लॉकडाऊन कधीच संपला, कारखाने पूर्ण पाळीत चालू झाले, तरी २०२३-२४ मध्ये तो आकडा ४६.१ टक्केच होता. शेतीवरचा तो भार उतरलाच नाही. बेरोजगारी कमी दिसते ती यामुळे. जिथे तिघांचं काम आहे तिथे पाच जण राबतात, आणि पाचही जण कामात मोजले जातात.

आपल्या भागाने ती मंदी फार जवळून पाहिली. ८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघाले होते. रुळांवर भाकरी विखुरल्या होत्या. त्यानंतर परप्रांतीय मजूर गेले म्हणून भूमिपुत्रांना जागा रिकाम्या झाल्या अशी चर्चा सुरू झाली, जुलैमध्ये सरकारने ‘महाजॉब्स’ हे पोर्टल काढलं. माझ्याकडे तेव्हा रोज फोन यायचे. नाव नोंदवणाऱ्यांत पदवीधर ढिगाने, आणि कंपन्यांना हवे होते वेल्डर, फिटर, सीएनसी ऑपरेटर, हेल्पर. नोंदणी खूप झाली म्हणजे नोकऱ्या खूप आहेत असं तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

मंदीत नोकऱ्या जातात त्यालाही क्रम असतो, आणि तो समजला तर तुझा राग स्वतःवरून उतरेल. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग ट्रेनींची बॅच थांबते, मग ठेकेदाराची माणसं कमी होतात. पर्मनंट कामगाराला हात सगळ्यात शेवटी लागतो. मंदी ओसरली की कंपनी आधी आहे त्याच माणसांकडून जादा तास काम करून घेते, नंतर ठेकेदाराला फोन करते. नवीन पर्मनंट भरती होते ती अगदी शेवटी, कित्येकदा होतच नाही. वाळूजच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर जाऊन विचार, सात महिन्यांनी ब्रेक देतात हे प्रत्येक पोरगा सांगेल. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचा हक्क तयार होतो, म्हणून त्याआधीच त्याला घरी बसवायचं आणि महिनाभराने दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचं. तुमची बॅच बाजारात आली ती याच काळात. पुढची बॅच आली, त्याच्या पुढची आली, आणि सगळ्या मिळून त्याच थोड्या जागांच्या दारात उभ्या आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे, तो मनात ठेव. भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. ज्याला परवडत नाही तो मिळेल ते काम धरतो. ज्याच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलंय, तो शिक्षणाजोगं काम शोधत थांबतो. तुझं थांबणं म्हणजे आळस नव्हे, कुणी तसं म्हणालं तर माझं नाव सांग.

पण किती थांबायचं, यावर मला तुझ्याशी कडक बोलायचंय. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. एकेका जागेमागे दोनशेच्या वर. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज आले. तू तलाठीची फी भरलीस, पुण्यात कॉट बेसिसवर राहिलीस, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे दिलेस. आता पुन्हा एक वर्ष मागतेयस. दे ते वर्ष, मी अडवत नाही. मात्र तारीख आजच ठरव आणि घरच्यांना सांगून टाक. आणि ते वर्ष नुसत्या अभ्यासिकेत काढू नकोस, सोबत एखादं काम धर, अर्धवेळ का असेना. भरती लांबते, पेपर पुढे ढकलला जातो, निकाल कोर्टात अडकतो. यातलं काहीच तुझ्या हातात नाही, आणि तेवढ्यात वय निघून जातं. पाच वर्षं फक्त तयारी केलेल्या हुशार मुलामुलींच्या बायोडेटात अनुभवाच्या रकान्यात काहीच नसतं, आणि एचआरवाला सगळ्यात आधी तोच रकाना बघतो.

काम कुठलं, तर बी.कॉम. म्हणून बँक आणि सरकारी कचेरी एवढीच दोन दारं डोळ्यांपुढे ठेवू नकोस. बिडकीनला टोयोटा-किर्लोस्करचा कारखाना येणार, जुलै २०२४ मध्ये सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार झाला, ही बातमी तूही पाठवली होतीस. करार झाला म्हणून जागा निघत नाहीत. आधी जमीन, मग बांधकाम, मग मशिनरी, मग चाचणी, आणि त्यानंतर भरती. तोवर वाट पाहण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे जे छोटे व्हेंडर आहेत, वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात, त्यांच्याकडे बघ. तिथे स्टोअर्स आणि डिस्पॅचला माणूस कायम लागतो. गाडी आली की चलन आणि माल ताडून पाहायचा, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद करायची, नापास माल परत पाठवायचा, इनव्हॉइस आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल काढायचं, महिन्याअखेरीला जीएसटीचा मेळ लावायचा. टॅली तुला येतं. खताच्या दुकानात उधारीचा आणि स्टॉकचा मेळ तू लावतेसच. तो अनुभव बायोडेटात लिही, ‘घरचं दुकान’ म्हणून सोडून देऊ नकोस. पगार सुरुवातीला कमी असेल. दोन वर्षांत जीएसटी आणि स्टोअर्स दोन्ही येणारी मुलगी झालीस की दुसरीकडे जाताना तू आकडा सांगशील.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं विचारलं होतंस. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, असं २०२४ मध्ये ठरलं. मिळाली जागा तर घे. पण पुढे तिथेच कायम करतील या आशेवर राहू नकोस. कितीतरी मुलं त्यासाठी आंदोलनं करत बसली. तिथून अनुभवाचं पत्र आण, त्यात तू नेमकं कोणतं काम केलंस ते लिहून घे, आणि पुढचं शोधायला लाग.

आणि ठेकेदारामार्फत काम मिळालं तर कागद आधी. एका मुलाने मला पगाराच्या चिठ्ठ्या आणून दाखवल्या होत्या. दर महिन्याला पीएफ कापलेला. त्याच्या मोबाइलवर पासबुक उघडलं तर सुरुवातीचे दोन हप्ते आणि पुढे कोरं. ठेकेदार तोवर गाशा गुंडाळून गेला होता. तो पोरगा बराच वेळ स्क्रीन वर-खाली करत राहिला. म्हणून सांगतो, यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, पहिल्या महिन्यात माग, त्याला तुझाच मोबाइल नंबर जोडलाय का बघ आणि पासबुक दर महिन्याला स्वतः तपास. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर माग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, तेव्हा ते मागताना संकोच नको. पीएफमध्ये तुझं नाव पहिल्यांदाच लागणार असेल तर केंद्राची १ ऑगस्ट २०२५ ची योजना आहे. नोकरी टिकवली तर दोन हप्त्यांत मिळून १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. मालकालाही त्यात अनुदान आहे, म्हणून नोंदणी करायला तोही तयार होतो.

एक गोष्ट मला फार लागते, ती लिहितोच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावात पाझर तलावाचं काम निघालं, आई तिथे पाट्या टाकायला जायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्यातूनच या राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, १९७७ मध्ये मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हे देशात पहिल्यांदा कायद्याने मान्य केलं ते महाराष्ट्राने. वि. स. पागे यांनी त्याची कल्पना मांडली आणि हयातभर पाठपुरावा केला. त्याच महाराष्ट्रात २०२० मध्ये शहरात काम गेलेल्या माणसाला मागता येईल अशी कामाची हमी नव्हती. रोजगार हमी आहे ती गावात, खोदकामाची. वाळूजच्या खोलीत भाडं थकलेल्या वेल्डरला नाही, तुझ्यासारख्या पदवीधर मुलीला नाही. शहरासाठी आणि शिकलेल्यांसाठी तशी हमी हवी, हे मागायला तुमच्या पिढीने लाजू नये. ग्रामसभेत बोल, आमदार आले की विचार.

बाबांचं म्हणणं मला कळतं, मुलीला एमआयडीसीत पाठवायचं तर येण्याजाण्याचं काय. रास्त काळजी आहे. जनरल शिफ्ट आणि कंपनीची बस असलेली जागाच आधी बघू. राहायची वेळ आली तर शहरात महिला वसतिगृहं आहेत. मी रविवारी त्यांना फोन करतो, तू मध्ये पडू नकोस.

तोवर दोन कामं कर. बायोडेटा एका पानात बसव, ‘टू सीक अ चॅलेंजिंग पोझिशन’ हे वाक्य काढून टाक आणि दुकानाचं काम, टॅली, मराठी-इंग्रजी टायपिंगचा स्पीड वर घे. आणि आधार व बँकेच्या पासबुकावर नाव सारखं आहे का तपास. तुझ्या आधारवर वडिलांचं नाव अर्धंच आहे, यूएएनला तिथेच अडेल. वाळूजच्या एका व्हेंडरकडे बिलिंगला माणूस हवाय असं कानावर आलंय. बायोडेटा आला की त्यांच्याशी बोलतो. मुलाखतीत पगार किती, पीएफ कापता का आणि नियुक्तीपत्र कोणाच्या नावाने देता, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, हे तिन्ही तू स्वतः विचार.

तुझे,
काका